खुंटीला हात

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं आणि जुळवलेलं व्हायोलिन माझ्या हातात दिलं.

मी 'ए'च्या तारेवर गज ओढला. तार उतरलेली होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच उतरलेली. शेजारची 'ई' तर भलतीकडेच होती.

"छान आहे, मास्तर," मी म्हणाले.

मॅक्सीने त्याच्या व्हायोलिनवर गज ओढला. त्याचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला, पण तोंडातून शब्द आले ते असे, "एक नंबर, मास्तर!"

हर्षदाने व्हायोलावर नुसती मान डोलावली. पास्कोलने चेलोच्या मागून हुंकार दिला. मास्तर आम्हा चौघांकडे क्षणभर बघत राहिले, "बरं" म्हणाले आणि चहाचं सांगायला आत गेले. त्यांची पाठ वळली मात्र, आम्ही चौघं खुंट्यांवर तुटून पडलो. कान लाकडाला टेकवायचा, बोटाने तार हळूच छेडायची, खुंटी पिळायची, आणि आतून कपबशांचा आवाज आला की साळसूदासारखं ताठ बसायचं. चाळिशीला आलेली चार माणसं आम्ही, पण त्या ओटीवर आमचा अवतार परीक्षेत कॉप्या करणाऱ्या पोरांसारखा असायचा.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. बस्त्याव मास्तरांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती आणि आमच्या गावाने, म्हणजे वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाड्यांत दडलेल्या आमच्या चार आळ्यांनी, त्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. निवृत्त होईपर्यंत मास्तर दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी घरच्या ओटीवर व्हायोलिन. लग्न असो, चर्चचा सण असो की मयत, गावात जिथे जिथे व्हायोलिन वाजलं तिथला वाजवणारा मास्तरांच्या हाताखालून गेलेला. सत्काराला भाषणं नकोत, मास्तरांनी सांगितलं होतं, वाजवा. आणि बँडबाजा नको, चार जणांनी खुर्च्या जवळ ओढून बसायचं आणि एकमेकांशी बोलल्यासारखं वाजवायचं. दोन व्हायोलिनं, त्यांचाच थोरला भाऊ व्हायोला, आणि सगळ्यात मोठा चेलो. आमच्याकडच्या लग्नांतल्या जुन्या गाण्यांच्या चाली घेऊन मास्तरांनी स्वतः या चार वाद्यांसाठी एक रचना केली होती. ती आयुष्यात एकदा धड वाजलेली ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी आम्हा चौघांना निवडलं. गावाने लगेच आमचं नाव चांडाळचौकडी ठेवलं.

चौकडीत पहिलं व्हायोलिन माझं. मी लुर्दीन. तेव्हा वीज मंडळाच्या तक्रार खिडकीत बसायचे. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि तिथल्या तिथे परत करायच्या, अशी ती नोकरी. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू आल्यागेल्याला सांगायची आणि ते खोटं नव्हतं. दुसरं व्हायोलिन मॅक्सीचं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि स्वभाव असा गरीब की रस्त्यात कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा. हर्षदा सावे दातांची डॉक्टर. पास्कोलची केळीची वाडी होती. तो आडवातिडवा, बोलायला कंजूस, आणि चेलो त्याच्या मांडीत लहान मुलासारखा दिसायचा.

आता खुंटीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. मास्तरांचा एक नेम होता. कार्यक्रम असो की तालीम, प्रत्येकाचं वाद्य ते स्वतः जुळवून द्यायचे. व्हायोलिन उचलायचं, डाव्या कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि खुंटी पिळायची. सूर लावायचा लोखंडी काटा नाही, पेटी नाही. "काटा जेवायला घ्यावा," म्हणायचे. आणि एकदा मास्तरांनी जुळवून दिलं की खुंटीला कोणी हात लावायचा नाही. चुकूनही नाही. मॅक्सीने लहानपणी एकदा लावला होता, तर मास्तरांनी त्याला महिनाभर ओटीच्या पायरीवर बसवलं होतं, नुसतं ऐकायला.

नुसतं ऐकणं ही त्यांच्याकडे शिक्षाही होती आणि शिकवणीही. नवीन पोर आलं की तीनतीन महिने त्याच्या हाती गज यायचा नाही. मास्तर पाठ करून दोन सूर वाजवणार आणि विचारणार, कोणता वरचा? आधी ढोबळ, मग बारीक, मग इतका बारीक की पोराला रडू यायचं. "बोटं काय, माकडालाही असतात," मास्तर म्हणायचे. "मी कान शिकवतो."

त्याच मास्तरांचा कान गेला होता.

इस्टरच्या आधी कधीतरी ते सुरू झालं. प्रथम मला वाटलं माझ्या तारा जुन्या झाल्या. मॅक्सीला वाटलं त्याची खुंटी सैल आहे. हर्षदाने नव्या तारा घातल्या. मग एका रविवारी तालमीहून परतताना पास्कोलने सायकल थांबवली आणि म्हणाला, "मास्तरांना नीट ऐकू येत नाही गो." आम्ही तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही त्याने चर्चमध्ये शिवी दिली.

बरं, दर वेळी चुकायचं असंही नव्हतं. मधूनच एखाद्या रविवारी वाद्यं अगदी पूर्वीसारखी, तंतोतंत जुळलेली मिळायची. आम्ही एकमेकांकडे बघून सुटकेचा श्वास टाकायचो. आलं ताळ्यावर, म्हणायचो. की पुढच्या रविवारी पुन्हा तेच, उतरलेला 'ए' आणि सैरावैरा 'ई'.

"सांगायला हवं," हर्षदा म्हणायची. "कान तपासून घ्यायला हवेत."

"सांग मग तू."

"मी कसं सांगू? तू सांग. तू तर वीज मंडळाच्या साहेबांनाही ऐकवतेस."

खरं होतं ते. साहेबांना ऐकवायचे, सासूला ऐकवायचे, देवालाही दोन शब्द सुनावायला कमी करायचे नाही. पण मास्तरांना? ज्या माणसाने मला आठव्या वर्षी ओटीच्या पायरीवर बसवून ऐकायला शिकवलं, त्याला मी सांगायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मास्तर विचारायचे, "कसा आहे?" आणि माझ्या तोंडून पोपटासारखं बाहेर पडायचं, "छान आहे, मास्तर." घरी येऊन मी भांडी आपटायचे. नवरा विचारायचा काय झालं. काही नाही, म्हणायचे, आणि आणखी जोरात आपटायचे.

कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला तशी माझी झोप उडाली. तालमीचं ठीक होतं, ओटीवर आम्ही पाच माणसं. कार्यक्रमाला चर्चच्या आवारातला अख्खा हॉल भरणार होता. त्या दिवशी मास्तर जुळवणार आणि आम्ही तसंच वाजवणार, म्हणजे त्यांची आयुष्यभराची रचना कचऱ्यात. लोक म्हणणार, हेच का मास्तरांचे शिष्य? आणि लोकांदेखत खुंटीला हात लावायचा, म्हणजे दवंडी पिटायची की ऐका हो ऐका, मास्तर बहिरे झाले. इकडे आड तिकडे विहीर. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाची अब्रू आमच्या चार खुंट्यांवर टांगली होती.

शेवटी युक्ती मॅक्सीने काढली. भित्र्या माणसांना पळवाटा बरोब्बर सुचतात. स्टेजच्या मागे एक लहान खोली होती. मास्तर तिथे वाद्यं जुळवणार. मग पास्कोल त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवणार. मग फादर ऑल्विन प्रास्ताविक करणार. फादर तरुण, नवे, बोलायला लागले की थांबणं त्यांना माहीत नाही. तेवढ्या वेळात चार वाद्यं कशाला, चर्चची घंटासुद्धा जुळवून झाली असती.

"कोणाला काही कळणार नाही," मॅक्सी म्हणाला.

"देव भलं करो तुझं," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्याच्याबद्दल मला आदर वाटला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल संध्याकाळी पाचलाच भरला. पुढे लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, त्यांच्यामागे पंखे हलवणारे बाप्ये, भिंतींना टेकून तरणी पोरं. मास्तर काळ्या कोटात आले. कोट त्यांच्या लग्नातला असावा, कारण तो पुढे लागत नव्हता. शेजारी कॅथरीनबाय, त्यांची बायको, बारीक चणीची, फुलं माळलेली. मी दोघांना नमस्कार करून मास्तरांना म्हणाले, "चला मास्तर, आतल्या खोलीत. वाद्यं तयार आहेत."

मास्तर म्हणाले, "कशाला आत?"

"जुळवायला."

"ते फादर बघतील," म्हणाले आणि थेट पुढच्या रांगेत जाऊन बसले.

मला काही कळेना. तेवढ्यात पडदा सरकला. आम्ही चौघं खुर्च्यांवर, समोर माणसांचा समुद्र, आणि फादर ऑल्विन माईक नसतानाही माईक असल्यासारखे पुढे आले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," फादर म्हणाले, "बेचाळीस वर्षं एक गोष्ट पडद्यामागे घडत आली. मास्तर स्वतःच्या हाताने शिष्यांची वाद्यं जुळवून देतात. आज ती गोष्ट आपण सर्वांनी डोळ्यांनी बघायची आहे. मास्तर, या. आज इथे, आमच्यासमोर जुळवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅक्सी माझ्या कानाशी कुजबुजला, "मेलो." हर्षदाने डोळे मिटले. पास्कोलने छातीवर क्रूसाची खूण केली.

मास्तर सावकाश पायऱ्या चढून आले. लोक उभे राहिले होते. त्यांनी आधी चेलो घेतला, मग व्हायोला, मग मॅक्सीचं व्हायोलिन. नीट ऐकू यावं म्हणून कोणीतरी पंखे बंद केले. प्रत्येक वाद्य त्यांनी तसंच डाव्या कानाशी धरलं, डोळे मिटले, खुंटी पिळली. शेवटी माझं. देताना त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"कसा आहे?"

मी गज ओढला. आजवरचं सगळ्यात वाईट जुळवलेलं होतं ते. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने मान वाकडी केली, तिला व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नसताना.

"छान आहे, मास्तर," मी म्हणाले.

ते खाली उतरले, कॅथरीनबायच्या शेजारी बसले, हात मांडीवर ठेवले.

"सरकून वाजवू," मॅक्सी ओठ न हलवता म्हणाला. "बोटं जरा वर सरकवून वाजवू. होईल."

"मोकळ्या तारांचं काय करशील, शहाण्या?" मी म्हणाले.

"मग काय करायचं?"

काय करायचं ते मला ठाऊक होतं आणि ते करायचं धैर्य नव्हतं. मी मानेने इशारा केला. आम्ही सुरुवात केली.

मास्तरांच्या रचनेची सुरुवात फार साधी आहे. हळदीच्या वेळी बायका म्हणतात ती चाल, चौघांनी एकत्र, सावकाश. घरोघरची चाल ती. समोरच्या म्हाताऱ्यांनी ती हजार वेळा गायलेली. आणि आमच्या वाद्यांतून जे निघालं ते ऐकून त्यांचे चेहरे कसे झाले, काय सांगू. एकीने दुसरीकडे बघितलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने मला काट्यासारखं टोचलं. ते मास्तरांना हसले होते. आम्हाला नव्हे, मास्तरांना, त्यांच्या गाण्याला, त्यांच्या लग्नातल्या कोटाला. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्यावरच खिळलेले होते आणि चेहरा इतका खचलेला की मला वाटलं हा माणूस इथेच कोसळेल.

मी गज खाली घेतला. बाकीचे दोन सूर पुढे जाऊन लंगडत थांबले.

मी उभी राहिले. "माफ करा," मी हॉलला म्हणाले, आणि माझा आवाज तक्रार खिडकीतला निघाला, खणखणीत. "वाद्यं जुळलेली नाहीत. आधी जुळवतो, मग वाजवतो."

आणि सगळ्या गावादेखत मी खुंटीला हात लावला.

'ए' वर चढवला. कान लाकडाला टेकवला नाही, बोटाने चोरून छेडली नाही. सरळ गज ओढला, लांब, भरपूर, आणि खुंटी पिळत पिळत सूर जागेवर आणला. मग तो धरून ठेवला, बाकीच्यांसाठी. मॅक्सी दगड झाला होता. सगळ्यात आधी हलला तो पास्कोलचा चेलो. मग हर्षदा. मग मॅक्सी, घाम पुसत.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उठले होते. ते पायऱ्या चढले, एकेक, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी आठ वर्षांची झाले.

"तुला कोणी सांगितलं खुंटीला हात लावायला?"

"माझ्या कानांनी, मास्तर."

"काय सांगितलं त्यांनी?"

"'ए' उतरलेला होता. 'ई' त्याच्याशी जुळत नव्हती."

"किती उतरलेला?"

"अर्ध्या सुराला थोडा कमी." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण जीभ एकदा सुटली ती सुटली. "आजच नाही मास्तर. इस्टरच्या आधीपासून."

ते मॅक्सीकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"मास्तर, म्हणजे लुर्दीन म्हणते ते..."

"लुर्दीनला मी विचारलं. आता तुला विचारतोय."

"उतरला होता, मास्तर."

"हर्षदा?"

"हो मास्तर. व्हायोलाचाही."

"पास्कोल?"

"हां," पास्कोल म्हणाला.

मास्तर तिथेच, माझ्या रिकाम्या खुर्चीवर मटकन बसले. मला वाटलं झालं, संपलं, आम्ही मारलं या माणसाला. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झाले आणि बघते तर मास्तर हसत होते. डोळ्यांत पाणी आणि पोटभर हसू.

"गाढवांनो," ते म्हणाले. "अरे गाढवांनो! मग सहा महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती काय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, मास्तर," हर्षदा म्हणाली.

"वाईट!" मास्तर हॉलकडे वळले, जणू काही गावालाच न्याय मागत होते. "ऐका हो. माझे दोन कान दोन सूर सांगायला लागले. एकच तार, डाव्या कानाला एक, उजव्याला दुसरी. चोरून काटा आणला, तोही तसाच, दोन कानांत दोन काटे. खरं कोण बोलतंय ते मला कसं कळावं? म्हटलं पोरांना विचारू. एका रविवारी डाव्याने जुळवलं. पोरांना विचारलं, कसा आहे? छान आहे, मास्तर! पुढच्या रविवारी तुमच्याकडे पाठ करून, डाव्यात बोळा घालून उजव्याने जुळवलं. कसा आहे? छान आहे, मास्तर! अरे, दोन्ही छान कसे असतील? तुम्ही चौघं माझे कान होतात रे, आणि चौघंही खोटं बोललात!"

हॉलमध्ये आता खसखस पिकली. मागे हसलेला पोरगासुद्धा हसत होता, पण आता वेगळं. मला मात्र ते चांगले रविवार आठवले, आणि आम्ही सोडलेले सुटकेचे श्वास. डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

"म्हणून फादरना सांगितलं," मास्तर म्हणाले, "आज स्टेजवर जुळवतो. ओटीवर चहाच्या आडून खुंट्या पिळता येतात, इथे कशाच्या आडून पिळाल? कॅथरीनने मला खिडकीतून दाखवलं होतं, तुम्ही काहीतरी पिळता ते. पण कधी पिळता, किती पिळता, तिला काय कळणार? तिला व्हायोलिन आणि खराटा सारखाच."

"आहेच मुळी सारखा," खालून कॅथरीनबाय म्हणाली, आणि सगळा हॉल पुन्हा हसला.

"मी आधी डावा वापरला, आज, मुद्दाम. म्हटलं बघू, कोण बोलतं." मास्तर माझ्याकडे वळले. "तू 'छान आहे' म्हणालीस तेव्हा..." त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

मी व्हायोलिन दिलं. त्यांनी कॅथरीनबायकडून रुमाल मागवला, त्याचं टोक पिळून डाव्या कानात कोंबलं, आणि व्हायोलिन उजव्या बाजूला धरलं. आयुष्यभर डावीकडे धरलेलं ते वाद्य त्यांच्या उजव्या हातात इतकं परकं दिसत होतं की मला बघवेना. त्यांनी सगळ्या खुंट्या मुद्दाम सैल सोडल्या. मी जुळवलेलं सगळं मोडलं. मग डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फार वेळ लागला. कोणी खोकलंही नाही.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी गज ओढला. जवळजवळ बरोबर होता. अगदी जवळजवळ. हॉलमधल्या एकालाही कळलं नसतं. 'छान आहे, मास्तर' माझ्या ओठांपर्यंत येऊन बसलं होतं, सवयीने.

"अजून किंचित वर, मास्तर," मी म्हणाले.

त्यांनी खुंटी केसभर पिळली. "आता?"

"आता बसला."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

मग त्यांनी बाकीची तिन्ही वाद्यं त्याच कानाने जुळवली. प्रत्येकाला विचारलं. हर्षदा म्हणाली, बरोबर आहे. पास्कोल म्हणाला, खालची तार बघा. आणि मॅक्सीने, ज्याने उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं, त्याने चक्क दोनदा व्हायोलिन परत दिलं. दुसऱ्यांदा तर मास्तर म्हणाले, "पुरे आता, माज करू नकोस." मग खाली जाऊन त्यांनी आपली खुर्ची आडवी फिरवली, उजवा कान आमच्याकडे केला आणि हाताने खूण केली, वाजवा.

आम्ही वाजवलं. कसं वाजलं विचाराल तर बरं वाजलं. दुसऱ्या भागात मॅक्सी घाईत पुढे पळाला आणि शेवटी माझा गज एकदा घसरला. मास्तरांनी दोन्ही चुका कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांसमोर सांगितल्या, शाल-श्रीफळ हातात असतानाच. पण हळदीची चाल परत आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हळूहळू आमच्याबरोबर गुणगुणायला लागल्या, आणि मास्तरांनी त्यांना गप्प केलं नाही. माझ्या छातीवरचा सहा महिन्यांचा धोंडा त्या गुणगुणण्यात कुठे गेला मला कळलंच नाही. घरी गेल्यावर मी भांडी इतकी हळू घासली की सासूने विचारलं, बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी मास्तरांकडे गेले. हर्षदाच्या ओळखीचा कानाचा डॉक्टर होता, त्याची वेळ घ्यायची होती, आणि खरं सांगायचं तर पुन्हा एकदा रागावून घ्यायचं होतं. ऊन चांगलं वर आलं होतं. मास्तर पहाटे उठणारे, पण ओटी रिकामी. कॅथरीनबाय दारात आली ती तोंडावर बोट ठेवूनच.

"हळू बोल गो. झोपलाय अजून."

"बरं नाही का, बाय?"

"बरं नसायला काय झालं? किती महिने झाले, रात्ररात्र खाटेवर उठून बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, कॅथरीन, बेचाळीस वर्षं मी कान शिकवले असं मला वाटत होतं. कोणाला काही ऐकूच येत नाही गो. मग मी केलं काय आयुष्यभर?" तिने लुगड्याचा पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कोण जाणे. "काल आला, कोटसुद्धा काढला नाही. खाटेवर बसला आणि म्हणाला, कॅथरीन, पोरांना ऐकू येतं. एवढंच बोलला आणि आडवा झाला. तो अजून घोरतोय बघ."